मैदान एकाचं, संघ दुसऱ्याचा : कॉव्हेंट्री सिटीचं प्रकरण

११ ऑगस्ट २०१३ रोजी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबने ब्रिस्टल सिटीला ५-४ असं हरवलं. एका सामन्यात नऊ गोल, शिवाय घरचा संघ जिंकलेला. असा सामना पाहायला मिळाला तर माणूस वर्षभर सांगत सुटतो. पण तिकीट काढून आत बसलेली माणसं होती फक्त २,२०४. मैदानाबाहेर एक टेकडी आहे, तिच्यावरून खेळाचा थोडासा तुकडा दिसतो. त्या हंगामात कॉव्हेंट्रीचे कितीतरी पाठीराखे तिथं उभं राहून सामने पाहत. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून नाही, तर द्यायचे नव्हते म्हणून.

सामना कागदोपत्री घरचा होता. खेळला गेला तो नॉर्थॅम्प्टन या दुसऱ्याच गावात, सिक्सफील्ड्स नावाच्या साडेसात हजार आसनांच्या मैदानावर, कॉव्हेंट्रीपासून सुमारे ५६ किलोमीटरवर. सांगलीकराला हे अंतर समजायला नकाशा नको. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पोहोचायचं आणि तिथल्या पायऱ्यांवर बसून म्हणायचं की आज आपल्या सांगलीच्या मैदानावर मॅच आहे. कोल्हापूरकर शेजारी बसून काय म्हणतील ते वेगळं.

आणि हे सगळं चालू असताना कॉव्हेंट्रीत ३२ हजार आसनांचं, अवघ्या आठ वर्षांपूर्वी बांधलेलं स्टेडियम रिकामं पडून होतं.

आधी जागा गेली

या प्रकरणात खलनायक म्हणून एका गुंतवणूक कंपनीचं नाव घ्यायची पद्धत आहे. तिचा दोष आहेच, त्याकडे येतो. पण ती कंपनी येण्याच्या कितीतरी आधी या क्लबने स्वतःच्या पायाखालची जमीन विकली होती, आणि माझ्या मते प्रकरणाची सुरुवात तिथं धरली पाहिजे.

कॉव्हेंट्री सिटी १८९९ पासून हायफील्ड रोडवर खेळत होता. साठच्या दशकात जिमी हिल प्रशिक्षक असताना संघाला आकाशी निळा गणवेश मिळाला, गाणं मिळालं आणि १९६७ मध्ये पहिल्या श्रेणीत जागा मिळाली. तिथं तो सलग ३४ वर्षं टिकला. १९८७ मध्ये टॉटनहॅमला ३-२ हरवून एफए कप जिंकला. मोठ्या क्लबांच्या मानाने गरीब, पण मैदान स्वतःचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेव्हाचे अध्यक्ष ब्रायन रिचर्डसन यांनी मोठं स्वप्न पाहिलं. फोलशिल भागात बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या जागेवर ४५ हजारांचं स्टेडियम, सरकणारं छप्पर, बाहेर काढता येणारं मैदान. २००६ चा विश्वचषक इंग्लंडला मिळेल आणि काही सामने इथं होतील, असा हिशेब होता. त्या भरवशावर हायफील्ड रोड बांधकाम कंपनीला विकून टाकलं आणि त्याच मैदानात क्लब भाडेकरू म्हणून खेळत राहिला. नवीन घराचा पाया खणायच्या आधी राहतं घर विकणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते लिहायची गरज नाही.

विश्वचषक जर्मनीला गेला. २००१ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि टीव्हीच्या हक्कांचा पैसा आटला. सरकतं छप्पर रद्द झालं, ४५ हजारांचे ३२ हजार झाले, आणि प्रकल्प तडीस न्यायला नगर परिषदेला पुढे यावं लागलं. स्टेडियम चालवायला एक कंपनी काढली, अरीना कॉव्हेंट्री लिमिटेड. तिच्यात निम्मा वाटा परिषदेचा, निम्मा क्लबचा. मग २००३ मध्ये क्लबने रोख पैशाच्या चणचणीत आपला निम्मा वाटाही हिग्ज या स्थानिक धर्मादाय न्यासाला विकला, सुमारे ६५ लाख पौंडांना.

म्हणजे ऑगस्ट २००५ मध्ये रिको अरीना या नव्या स्टेडियमचे दरवाजे उघडले तेव्हा क्लबची तिथं एक वीटही नव्हती. वर्षाला १२ लाख पौंडांच्या आसपास भाडं भरायचं, आणि सामन्याच्या दिवशी खाण्यापिण्याचा, पार्किंगचा पैसा जाणार अरीना कंपनीकडे. पुढे तिसऱ्या श्रेणीत गेलेल्या या संघाला हे भाडं न पेलणारं होतं, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं. पण २००५ मध्ये सगळ्यांना वाटत होतं, वर्ष-दोन वर्षांत आपण परत प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, जाणारच आहोत.

सहकारी साखर कारखाना भाडेपट्ट्याने चालवायला दिला की काय होतं, हे सांगली जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. जमीन-यंत्रं संस्थेची, गाळप भलत्याचं, ऊस शेतकऱ्याचा. हंगाम नीट चालला तर सगळे खूष. बिल थकलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तिघांकडेही दाखवायला कागद असतो. कॉव्हेंट्रीत ऊस घालणाऱ्याच्या जागी होते पाठीराखे. फरक एवढाच की शेतकरी दुसऱ्या कारखान्याला ऊस घालू शकतो.

मग आली सिसू

डिसेंबर २००७ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना, अगदी शेवटच्या घटकेला, लंडनच्या सिसू कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने तो घेतला. जॉय सेपाला या तिच्या प्रमुख. माध्यमांसमोर क्वचितच आल्या. अडचणीतली मालमत्ता स्वस्तात घ्यायची, सावरायची आणि विकायची, हा अशा कंपन्यांचा धंदा. पण इथं विकण्याजोगी मालमत्ताच नव्हती. खेळाडूंचे करार आणि निळा गणवेश होता, स्टेडियम नव्हतं.

२०१२ मध्ये संघ आणखी एक श्रेणी खाली गेला आणि क्लबने भाडं देणं बंद केलं. थकबाकी दहा लाख पौंडांच्या पुढे गेली. अरीना कंपनी कोर्टात गेली. तिच्यावर बँकेचं मोठं कर्ज होतं, आणि एकुलता मोठा भाडेकरू पैसे देत नाही म्हटल्यावर ते फेडणार कसं? जानेवारी २०१३ मध्ये परिषदेने स्वतः १ कोटी ४४ लाख पौंडांचं कर्ज देऊन ते बँकेचं कर्ज उतरवलं. सिसूने त्यावर दावा ठोकला. सार्वजनिक पैसा खासगी कंपनीला दिला, हा बेकायदा सरकारी टेकू आहे, असा तिचा मुद्दा होता.

२०१४ मध्ये उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. निकालात एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे आणि ती मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. भाडं थांबवणं ही हतबलता नव्हती. अरीना कंपनीला आर्थिक कोंडीत पकडून तिच्यातला वाटा स्वस्तात मिळवण्याची ती ठरवून खेळलेली चाल होती.

हे एकदा ध्यानात घेतलं की 'आम्ही संघ दुसरीकडे हलवू' या धमकीचा रोख कळतो. पाठीराख्यांना वाटतं, आपल्याला धमकावतायत. खरं तर धमकी होती स्टेडियमच्या किमतीला. ३२ हजारांचं फुटबॉल मैदान फुटबॉल संघाशिवाय म्हणजे मोठा मांडव आणि वीजबिल. संघ जितके दिवस बाहेर, तितकी त्या मांडवाची किंमत खाली. मालकाला दुसऱ्या गावात कायमचं जायचं नव्हतंच. गेल्यासारखं दिसायचं होतं, आणि पुरेसे दिवस दिसायचं होतं. नॉर्थॅम्प्टनला जाण्यात क्लबचा तोटा होत होता, हा आक्षेप म्हणूनच लागू पडत नाही. तो तोटा हा चालीचा खर्च होता.

या खेळाला दोघांचा हात लागतो, आणि त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. एक, जागा देणारा. नॉर्थॅम्प्टनने भाड्याचे चार पैसे मिळतायत म्हणून दार उघडलं. दुसरा, परवानगी देणारी, स्पर्धा चालवणारी लीग. मार्च २०१३ मध्ये क्लबची एक कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेली. मग कळलं की क्लब दोन कंपन्यांत विभागलेला आहे आणि खेळाडू नेमके कुठल्या कंपनीचे, यावरच वाद आहे. लीगने त्या हंगामात दहा गुण कापले. अरीना कंपनीने कर्जतडजोडीचा प्रस्ताव नाकारला तेव्हा पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला आणखी दहा कापले. म्हणजे शिक्षा खेळाडूंना दोनदा. क्लब मात्र सिसूशीच संबंधित असलेल्या ओटियम या नव्या कंपनीकडे गेला, आणि 'तात्पुरतं' म्हणून नॉर्थॅम्प्टनला जायची परवानगीही मिळाली. परत येण्याची हमी म्हणून दहा लाख पौंडांचं तारण घेतलं, एवढाच काय तो लगाम.

दहा वर्षांआधीचं विम्बल्डनचं उदाहरण लीगच्या डोळ्यांसमोर होतं. २००२ मध्ये एका त्रिसदस्य आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी त्या क्लबला लंडनमधून मिल्टन कीन्सला जाऊ दिलं होतं, आणि तो डाग इंग्लिश फुटबॉलवर अजून आहे. त्यातून लीग एवढंच शिकली की कायमचं स्थलांतर होऊ द्यायचं नाही. तात्पुरत्याची व्याख्या कुणी केली नाही.

टेकडी आणि पायऱ्या

सिक्सफील्ड्सच्या त्या हंगामात संघ सुंदर खेळत होता, ही सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. कॉव्हेंट्रीतच जन्मलेला कॅलम विल्सन तेव्हा गोलमागून गोल करत होता. पुढे तो प्रीमियर लीगमध्ये आणि इंग्लंडकडून खेळला. गावचं पोर गावाबाहेर मोठं झालं आणि गावातल्या बहुतेकांनी त्याला त्या वर्षी मैदानात बसून पाहिलंच नाही.

कारण बहुसंख्य पाठीराख्यांनी एक घोषणा धरून ठेवली होती: आणखी एक पैसाही नाही. आदल्या वर्षी रिकोवर सरासरी दहा हजारांवर माणसं येत. सिक्सफील्ड्सवर ती दोन-अडीच हजारांवर आली. बाहेरच्या टेकडीला जिमी हिलच्या आडनावावरून कोटी करून 'जिमीज हिल' असं नाव पडलं. टेकडीवरचे म्हणत, आत जाणारा प्रत्येक पौंड मालकाच्या चालीला मदत करतो. आतले म्हणत, खेळाडूंनी काय पाप केलंय? दहा गुण वजा करून खेळणाऱ्या पोरांना रिकाम्या खुर्च्या का दाखवायच्या? एकाच घरातले दोन भाऊ, एक आत आणि एक टेकडीवर, असंही झालं असणार. आपल्याकडे दोन मंडळांत विभागलेली गल्ली पाहिलेल्या कुणालाही ते चित्र नवीन नाही.

माझा कल टेकडीकडे आहे, पण एका अटीवर. बहिष्काराने मालकाच्या तिजोरीला फार ओरखडा आला नसेल. तिकिटांचा गल्ला हा त्याच्या मोठ्या डावात किरकोळच होता. बहिष्काराचा खरा उपयोग वेगळा झाला. 'संघ हलवला तरी लोक मागोमाग येतात' हे गृहीतक त्याने सगळ्या इंग्लंडसमोर खोटं पाडलं. नाहीतर दुसऱ्या कुठल्या मालकाला हीच युक्ती सुचायला वेळ लागला नसता. आत बसलेल्यांना गद्दार ठरवणं मात्र चुकीचं होतं, आणि तसं ठरवलं गेलं, याची कटुता बराच काळ राहिली.

५ सप्टेंबर २०१४ ला संघ रिकोवर परतला. गिलिंगहॅमविरुद्ध १-० असा साधासा विजय, आणि प्रेक्षक २७,३०६.

आणि स्टेडियम रग्बीला गेलं

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण परतीचा सामना होऊन दोन महिने व्हायच्या आत नगर परिषदेने आपला निम्मा वाटा विकायला काढला, तोही फुटबॉल क्लबला नव्हे. घेणारा होता वॉस्प्स, १८६७ मध्ये स्थापन झालेला लंडनचा रग्बी क्लब, जो तेव्हा हाय विकम या गावात भाड्याच्या मैदानात खेळत होता. परिषद आणि हिग्ज न्यास, दोघांचे वाटे प्रत्येकी सुमारे २७ लाख ७० हजार पौंडांना गेले, आणि अरीना कंपनीचा भाडेपट्टा वाढवून २५० वर्षांचा करून दिला.

जो समाज वर्षभर 'आमचा संघ आमच्या गावातून नेऊ नका' म्हणून टेकडीवर उभा होता, त्याच गावाने दुसऱ्यांचा संघ त्यांच्या गावातून उचलून आणला. हाय विकमच्या रग्बीवाल्यांना कुणी विचारलं नाही. कॉव्हेंट्रीचा स्वतःचा जुना रग्बी क्लब होता, त्यालाही नाही.

परिषदेची बाजू समजू शकते. सिसूबरोबर व्यवहार करायचा म्हणजे उद्या पुन्हा कोर्ट. तिला या वादातून एकदाचं सुटायचं होतं. पण सार्वजनिक मालमत्ता विकताना 'हा खरेदीदार आम्हाला आवडत नाही' हे कारण कितपत पुरतं? २५० वर्षं म्हणजे आपल्याकडे मागे मोजलं तर पेशवाई. इतक्या काळाचा निर्णय तेव्हाच्या मालकाच्या रागापोटी घेतला गेला, असंच मला वाटतं, आणि यात परिषदेला मी सिसूइतकंच जबाबदार धरतो. वॉस्प्सने २०१५ मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढून तोच डोलारा आणखी कर्जावर चढवला.

फुटबॉल क्लब पुन्हा भाडेकरू, फक्त घरमालक बदललेला. खेळातली घसरण चालूच. ऑक्टोबर २०१६ मध्ये चार्ल्टनच्या मैदानावर दोन्ही संघांच्या पाठीराख्यांनी, आपापल्या मालकांच्या निषेधार्थ, मिळून प्लॅस्टिकची डुकरं मैदानात फेकली. असा दोन्ही बाजूंचा संयुक्त निषेध विरळाच. २०१७ मध्ये संघ चौथ्या श्रेणीत गेला. त्याच महिन्यांत वेम्ब्लीवर खालच्या श्रेणींच्या चषकाच्या अंतिम सामन्याला कॉव्हेंट्रीहून चाळीस हजारांवर माणसं गेली आणि चषक घेऊन आली. पाठीराखे गेले कुठेच नव्हते.

सिसूने वॉस्प्सला झालेल्या विक्रीवरही दावे लावले: स्टेडियम कवडीमोलाने दिलं. सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केलं; तक्रार युरोपीय आयोगाकडेही नेली होती. २०१९ मध्ये भाडेकरार संपला तेव्हा वॉस्प्सची अट होती की या तक्रारीतून आम्हाला उद्या भुर्दंड बसला तर तो क्लबने भरून द्यावा. बोलणी फिसकटली. लीगमधून क्लबला काढून टाकायचं का, याचीही चर्चा झाली. शेवटी बर्मिंगहॅमचं सेंट अँड्र्यूज मैदान मिळालं. दुसरा वनवास दोन हंगामांचा, घरापासून तीसेक किलोमीटरवर. या वेळी प्रशिक्षक मार्क रॉबिन्स यांच्या हाताखाली संघ तिसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला, पण कोविडने हंगाम अर्ध्यात तोडल्यामुळे तो जल्लोषही घरात बसूनच. पुढचा हंगाम बहुतांश रिकाम्या मैदानांत. ऑगस्ट २०२१ मध्ये संघ परत आला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉस्प्स कर्जात बुडाला. त्या आधीच जुलैत राष्ट्रकुल स्पर्धांचे रग्बी सेव्हन्सचे सामने इथं झाले होते आणि हिरवळीची अशी वाट लागली होती की फुटबॉलचे पहिले तीन घरचे सामने पुढे ढकलावे लागले. स्टेडियम लिलावासारखं बाजारात आलं आणि माइक अॅशली यांच्या फ्रेझर्स ग्रुपने ते १ कोटी ७० लाख पौंडांना घेतलं. नव्या घरमालकाने डिसेंबरात फुटबॉल क्लबला जागा सोडण्याची नोटीस दिली. मग तडजोड झाली. जानेवारी २०२३ मध्ये उद्योजक डग किंग यांनी सिसूकडून सगळा क्लब विकत घेतला, आणि पंधरा वर्षांनी सिसू या गोष्टीतून बाहेर पडली.

सांगलीतून पाहताना

कोल्हापूरच्या फुटबॉलला हा आजार होऊ शकत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, सगळे एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. घरचं मैदान आणि परकं मैदान हा भेदच नाही. संघ पेठेचा आणि तालमीचा. तो उचलून न्यायचा तर पेठ उचलावी लागेल. पैशाने ही व्यवस्था गरीब आहे, भांडणंही कमी नाहीत, पण 'आम्ही जातो' असं म्हणण्याची सोय तिच्यात नाही.

आपल्या देशात मालकीचा फुटबॉल आला तेव्हा मात्र ती सोय पहिल्या दिवसापासून होती. २०१९ मध्ये दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीला सामने पाहायला इकडून जाणाऱ्या पोरांना टेकडी शोधायलाही वेळ मिळाला नाही. उद्या कुणी सांगली-मिरजेचं नाव लावलेला संघ घेऊन आला तर हार घालण्याआधी महापालिकेने आणि मंडळांनी तीन कागद मागावेत: मैदानाचा करार कुणाच्या नावे आणि किती वर्षांचा, सामन्याच्या दिवशीचा खाण्यापिण्याचा आणि पार्किंगचा पैसा कुणाचा, आणि मालक बदलला तर गावाचं नाव कुणाकडे राहतं. कॉव्हेंट्रीत या तिन्हींची उत्तरं कागदावर होती. फक्त ती वाचली गेली घर विकून झाल्यावर.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल नियमनाचा नवा कायदा झाला. त्यानुसार क्लबला आपलं मैदान विकायचं किंवा दुसरीकडे हलायचं असेल तर स्वतंत्र नियामकाची परवानगी आधी लागेल, आणि त्यात पाठीराख्यांचं म्हणणंही विचारात घ्यावं लागेल. हायफील्ड रोड विकलं गेलं तेव्हा असं विचारणारं कुणी नव्हतं. पुढच्याच महिन्यात डग किंग यांनी फ्रेझर्सकडून कॉव्हेंट्रीचं स्टेडियम विकत घेतलं. क्लब आणि मैदान पुन्हा एका हातात आलं. तो हात एकाच माणसाचा आहे.